सात वर्षांचं मूल आणि सत्तावन्न वर्षांची शपथ

नवा पोप निवडून आला की आठवडाभरात त्याच्यावर चिठ्ठी चिकटवली जाते: उदारमतवादी किंवा सनातनी. मे २०२५ मध्ये चौदावे लिओ बाल्कनीत आले तेव्हाही हेच झालं. खांद्यावर लाल मोझेटा, म्हणजे पोपची आखूड खांदेझूल, घातला म्हणजे जुन्या वळणाचे, पेरूमध्ये गोरगरिबांत वर्षं काढली म्हणजे नव्या वळणाचे, मग दोन्हींची बेरीज-वजाबाकी करून निकाल. त्याआधी बारा वर्षं फ्रान्सिस यांच्या विमानातल्या गप्पांमधल्या एकेका वाक्यावर अग्रलेख लिहून झाले होते.

ही पट्टीच चुकीची आहे. पोपच्या वाक्यांत फार तर त्याचा स्वभाव सापडतो. प्रभाव शोधायचा तर धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतल्या वस्तीची, नोंदवही उघडावी, मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचं, वेळापत्रक पाहावं, पहिल्या कम्युनियनला, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर अर्थात ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घ्यायला, उभ्या राहणाऱ्या मुलाचं वय विचारावं. ‘पोप चुकत नाही’ या सिद्धांताचा एवढा गवगवा, पण १८७० मध्ये तो जाहीर झाल्यापासून त्या अधिकाराने नवा सिद्धांत घोषित झाला तो एकदाच, १ नोव्हेंबर १९५० रोजी: मरिया सदेह स्वर्गात घेतली गेली, हा. मरियेची भक्ती करणाऱ्यांनी ते आधीपासूनच मानलेलं होतं. त्या घोषणेने कुणाचा रविवार बदलला नाही. रविवार बदलले ते कलमवार लिहिलेल्या, फारसं कुणाच्या लक्षात न राहिलेल्या आदेशांनी.

हे सर्वांत स्वच्छ दिसतं ते दहाव्या पायसांच्या ११ वर्षांत, १९०३ ते १९१४. हे जुझेप्पे सार्तो, इटलीच्या व्हेनेतो भागातल्या रिएसे गावचे. टोम्बोलोला ९ वर्षं सहायक धर्मगुरू, मग साल्झानोला ८ वर्षं मुख्य धर्मगुरू, पुढे मांतुआचे बिशप आणि व्हेनिसचे पॅट्रिआर्क. रोमच्या सचिवालयात त्यांनी कधी खुर्ची उबवली नव्हती. १९०३ च्या कॉन्क्लेव्हमध्ये, म्हणजे पोप निवडणाऱ्या कार्डिनलांच्या बैठकीत, ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या वतीने क्राकोवच्या कार्डिनल पुझिनांनी कार्डिनल रांपोल्ला यांच्या नावाला नकाराधिकार वापरला आणि सार्तो निवडून आले. पुढच्याच जानेवारीत त्यांनी राजेरजवाड्यांचा हा नकाराधिकार कायमचा मोडीत काढला. खेड्यातल्या धर्मगुरूला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. वरून आलेल्या कागदात ‘कुणी, किती, केव्हा’ लिहिलेलं नसेल तर तो कागद कपाटात जातो.

मुलांच्या कम्युनियनचंच उदाहरण घ्या. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने सांगितलं होतं की विवेकाच्या वयात आलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा पापनिवेदन करावं आणि निदान ईस्टरला ख्रिस्तप्रसाद घ्यावा. विवेकाचं वय म्हणजे किती, हा आकडा परिषदेने दिला नाही. त्या मोकळ्या जागेत प्रत्येक प्रदेशाने आपापला आकडा बसवला. कुठे १०, कुठे १२, कुठे १४. त्यातून ख्रिस्तप्रसाद म्हणजे पुण्यवानाला मिळणारं बक्षीस, ही यान्सेनवाद्यांची, म्हणजे कॅथॉलिकांमधल्या एका कडक पंथाची, शिकवण युरोपभर मुरलेली. फ्रान्समध्ये तर पहिली कम्युनियन हा शाळा संपल्याचा आणि कामाला लागण्याचा सोहळा होऊन बसला होता. दहा वर्षांचं मूल पापनिवेदनाला गेलं तर काही ठिकाणी त्याचं ऐकून घेत, पण पापक्षमा देत नसत. मरणाच्या दारात असलेल्या मुलालाही ख्रिस्तप्रसाद नाकारला जाई आणि त्याला तान्ह्या बाळाच्या विधीने पुरत.

८ ऑगस्ट १९१० च्या आदेशाने हे सगळं आठ कलमांत मोडून काढलं. वय: मूल विचार करू लागतं ते, म्हणजे सुमारे सातवं वर्ष, थोडं पुढेमागे. ज्ञान: धर्मशिक्षणाचं पुस्तक तोंडपाठ नको. तारणासाठी आवश्यक तेवढ्या मूळ गोष्टी आपल्या वयाप्रमाणे कळाव्यात आणि हा प्रसाद म्हणजे रोजची भाकरी नव्हे एवढा फरक समजावा. जबाबदार कोण: वडील किंवा त्यांच्या जागी असणारी व्यक्ती, आणि मुलाचं पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू. मुख्य धर्मगुरूने वर्षातून निदान एकदा मुलांची सामुदायिक कम्युनियन ठेवावी. एकदा घेतल्यावर मुलाने वारंवार, शक्य तर रोज यावं, आणि धर्मशिक्षणाचा वर्ग सोडू नये. शेवटच्या दोन कलमांत पापक्षमा नाकारण्याच्या आणि मरणाऱ्या मुलाला वंचित ठेवण्याच्या चालीरीतींना कडक शब्दांत बंदी.

माझ्या मते खरी करामत या आठ कलमांच्या पुढे आहे. हा आदेश दरवर्षी ईस्टरच्या सुमारास लोकांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवायचा, आणि दर पाच वर्षांनी बिशपने रोमला जो अहवाल द्यायचा त्यात तो पाळला जातो की नाही हे लिहायचं. पहिल्या अटीमुळे खालच्या माणसाला, म्हणजे आईबापांना, आपला हक्क कळला. फादर ‘अजून लहान आहे’ म्हणाले तर ‘गेल्या ईस्टरला तुम्हीच सात वर्षं वाचून दाखवलं होतं’ असं म्हणता येऊ लागलं. दुसऱ्या अटीमुळे वरच्या माणसाला टाळाटाळ करता येईना. आदेश खालून आणि वरून असा दोन्हीकडून आवळलेला होता. वसईत किंवा गोव्यात पांढऱ्या पोशाखातली जी चिमुकली मुलं वेदीपुढे रांगेने उभी राहतात ती थेट या कागदाची लेकरं आहेत. आजच्या धर्मसंहितेचं कलम ९१४ त्याच आदेशाचा वंशज, आणि सात वर्षं पूर्ण झाल्यावर मुलाला समज आली असं गृहीत धरणारं कलम ९७ त्याच्या जोडीला आहे.

तरीही घोटाळे झालेच. फ्रान्सच्या बिशपांना धास्ती वाटली की सातव्या वर्षी कम्युनियन झाली की मूल धर्मशिक्षणाला पाठ फिरवील. आतापर्यंत बाराव्या वर्षापर्यंत त्याला बांधून ठेवणारा दोर तोच होता, आणि सरकारी शाळांतून धर्मशिक्षण १८८२ मध्येच काढून टाकलेलं असल्यामुळे शाळेचा आधारही नव्हता. म्हणून त्यांनी तोडगा काढला: सातव्या वर्षी साधी, खाजगी कम्युनियन, आणि बाराव्या वर्षी मेणबत्त्या, नवे कपडे, जेवणावळीसह ‘गंभीर कम्युनियन’. आदेश पाळला आणि मोडलाही! दुसरा घोटाळा जास्त टिकाऊ निघाला. परंपरेचा क्रम बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करणारा संस्कार), ख्रिस्तप्रसाद असा. कम्युनियन खाली सातव्या वर्षावर उतरली, पण दृढीकरण बिशपच्या हातातलं, ते वरच राहिलं, आणि क्रम उलटा झाला. आता किशोरांना धरून ठेवण्याचं ओझं दृढीकरणावर आलं आहे आणि ते त्याला पेलत नाही. पुष्कळ धर्मग्रामांत दृढीकरण हा चर्चमधून पदवी घेऊन बाहेर पडण्याचा समारंभ झालाय, अशी कुजबुज धर्मगुरूच करतात.

याच्या पाच वर्षं आधी, २० डिसेंबर १९०५ ला, मोठ्यांसाठी आदेश निघाला होता. कृपावस्था, म्हणजे मनावर गंभीर पापाचं ओझं नसणं, आणि शुद्ध हेतू एवढ्या दोनच अटींवर रोज ख्रिस्तप्रसाद घेता येईल. किरकोळ पापं आड येत नाहीत. त्याच्या शेवटच्या कलमात लेखकांना बजावलं होतं की कोणत्या तयारीशिवाय प्रसाद घेऊ नये यावरचा वाद आता बंद. वाद बंद झाला. रोज येणारे मात्र लगेच वाढू शकले नाहीत, आणि त्यामागचं कारण अगदी पोटातलं होतं. मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही घेतला तर प्रसाद घेता येत नसे. मिस्सा दुपारी एकनंतर सुरू करायला मनाई. म्हणजे पहाटपाळीचा कामगार, दोन मैल चालून येणारी बाई, रात्रपाळी करून आलेली परिचारिका यांच्यासाठी ‘रोज’ हा शब्द कागदावरच. रविवारी दोन गावांत मिस्सा करणारा धर्मगुरू स्वतःच दुपारपर्यंत उपाशी. रुग्णांना थोडी सूट पायसांनी १९०६ मध्ये दिली, पण गाठ सुटली नाही. ती सोडवली बाराव्या पायसांनी. १९५३ मध्ये पाण्याने उपवास मोडत नाही असं ठरलं आणि संध्याकाळच्या मिस्साला वाट मिळाली. १९५७ मध्ये मध्यरात्र जाऊन तीन तास आले. सहाव्या पॉलांनी २१ नोव्हेंबर १९६४ ला ते एका तासावर आणले, आणि पुढच्या दीड आठवड्यात ते स्वतः मुंबईच्या आंतरराष्ट्रीय युखारिस्ट काँग्रेससाठी विमानात बसले.

म्हणजे १९०५ चा एक आदेश पुरता अंमलात यायला ५९ वर्षं आणि आणखी दोन पोप लागले. ‘अमुक पोपने काय केलं’ असं विचारताना आपण एका कारकिर्दीचा हिशेब मांडतो, तोच इथे फसतो. दहाव्या पायसांनी दार उघडलं, उंबरठा बाराव्या पायसांनी खाली आणला. आणि या सोयीचीही किंमत होतीच. पूर्वी लोक प्रत्येक कम्युनियनआधी पापनिवेदनाला जात. दोन्हींची गाठ सुटल्यावर प्रसादाची रांग वाढत गेली आणि काही दशकांत कुमसाराची, म्हणजे पापनिवेदनाची, रांग आटली. हे दहाव्या पायसांना खचितच नको होतं.

लग्नाबद्दलचा आदेश फारसा कुणाच्या बोलण्यात नसतो, पण मराठी कॅथॉलिक घरांत त्याचा अनुभव सगळ्यांना आहे. लग्न ठरलं की चर्चमध्ये बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागतात. घरात जुना जपून ठेवलेला चालत नाही, तो सहा महिन्यांच्या आतला लागतो. अनेकांना हा कारकुनी छळ वाटतो. त्याचं मूळ २ ऑगस्ट १९०७ च्या आदेशात आहे, जो १९०८ च्या ईस्टरपासून लागू झाला. त्याआधी सोळाव्या शतकातल्या ट्रेंट परिषदेचा विवाहनियम जिथे रीतसर वाचून दाखवला गेला होता तिथेच बंधनकारक होता. बाकी ठिकाणी गुपचूप दिलेलं वचनसुद्धा वैध लग्न ठरे, आणि एकच माणूस दोन गावांत दोन बायका करून बसे. नव्या नियमाने लग्न धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांसमोरच वैध ठरलं. शिवाय एक साधी युक्ती केली: लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीतही करायची, आणि बाप्तिस्मा दुसऱ्या गावी झाला असेल तर तिथल्या धर्मगुरूला कळवायचं. अशी बाप्तिस्म्याची वही त्या माणसाच्या आयुष्याची खातेवही झाली. ताजा दाखला यासाठीच, की समासात पूर्वीच्या लग्नाची नोंद आहे का ते दिसावं. पद्धत बिघडते ती नेमकी या पत्रातच. लग्न लावणारा धर्मगुरू कळवायला विसरला की समास कोरा राहतो, आणि कोरा समास म्हणजे अविवाहित असा अर्थ निघतो. आयर्लंड आणि कॅनडात या आदेशाने मिश्र विवाहांवरून मोठे वादंग झाले, तेही विसरू नये. प्रॉटेस्टंट पाळकासमोर किंवा नोंदणी कार्यालयात लग्न केलेल्या कॅथॉलिक माणसाला ‘तुझं लग्न झालेलंच नाही’ असं सांगणं म्हणजे एका कुटुंबाच्या चुलीत पाणी ओतणं होतं.

पायसांचा प्रत्येक हुकूम असा रुजला नाही. २२ नोव्हेंबर १९०३ ला, पोप होऊन चार महिनेही झाले नसताना, त्यांनी चर्चमधल्या संगीतावर फर्मान काढलं. ग्रेगोरियन गायन हा आदर्श. ऑपेराच्या चाली बाहेर. पियानो, ढोल, झांजा यांना बंदी. बँड चर्चच्या आत नको, मिरवणुकीत बिशपच्या परवानगीने चालेल. गायनवृंद हे पूजाविधीतलं पद, म्हणून बायकांनी गायचं नाही आणि उंच स्वर मुलग्यांनी लावायचे. सिस्टीन चॅपेलमध्ये याचा परिणाम झाला आणि खच्ची केलेल्या गायकांची शेकडो वर्षांची क्रूर परंपरा अखेर संपली. त्यांतले शेवटचे अलेस्सांद्रो मोरेस्की १९१३ मध्ये निवृत्त झाले. पण खेड्यात? तिथे गायला मुळात बायकाच होत्या. मुलग्यांना उंच स्वरात तयार करायला शिक्षक हवा, वर्षभर तालीम हवी, आणि वर्षादोन वर्षांत आवाज फुटला की पुन्हा पहिल्यापासून. बायका गात राहिल्या आणि १९५५ मध्ये बाराव्या पायसांनी वास्तवाला मान तुकवून अटींसह तशी परवानगी दिली. गोव्याच्या चर्चमधली व्हायोलिनंही कुठे गेली नाहीत. आकडे, कलमं, बंदी सगळं असूनही हा आदेश ढिला पडला, कारण खाली त्याची भूक नव्हती. सातव्या वर्षी कम्युनियन आईबापांना हवी होती. बायकांविना गायन कुणालाच नको होतं. तेविसाव्या जॉननी फेब्रुवारी १९६२ मध्ये सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, मुख्य विषय लॅटिनमधूनच शिकवा असं बजावलं, त्याचंही हेच झालं. शिक्षकांनाच अस्खलित बोलता येत नव्हतं, आणि तीन-चार वर्षांत तो आदेश मागे न घेताच विरून गेला.

आणखी एक बदल सामान्य माणसाला दिसला नाही, पण धर्मगुरूच्या दिवसाला त्याने हात घातला. १ नोव्हेंबर १९११ ला पायसांनी नित्यप्रार्थनेच्या पुस्तकातली स्तोत्रांची मांडणीच बदलली. १५० स्तोत्रं खरोखर आठवड्यात म्हणून व्हावीत म्हणून रविवारच्या रात्रप्रार्थनेतली १८ स्तोत्रं ९ वर आणली, आणि १४८ ते १५० ही स्तुतिस्तोत्रं रोज पहाटे म्हणायची, ख्रिस्ती प्रार्थनेच्या अगदी प्राचीन काळापासूनची, चाल एका फटक्यात बंद केली. १९१३ च्या पहिल्या दिवसापासून नवं पुस्तक सक्तीचं. इथे मला थोडं हसू येतं. मार्सेल लफेव्र यांनी १९७० मध्ये नव्या मिस्साला विरोध करणारा जो संघ काढला त्याला नाव दिलं संत दहाव्या पायसांचंच. पोपला शतकानुशतकांची उपासना कलमाच्या फटकाऱ्याने बदलता येते हा पायंडा १९६९ च्या मिस्साआधी घट्ट कुणी पाडला असेल तर तो याच पायसांनी.

आता शपथेकडे येऊ. सात वर्षांच्या मुलाला वेदीपाशी आणणाऱ्या आदेशाची तारीख ८ ऑगस्ट १९१०. बरोबर २४ दिवसांनी, १ सप्टेंबरला, मॉडर्निझमविरोधी शपथेचा आदेश निघाला. मॉडर्निझम म्हणजे बायबलकडे इतिहासाच्या साधनांनी पाहणं, सिद्धांतांची वाढ काळानुसार होते असं मानणं, श्रद्धेचं मूळ आतल्या अनुभवात शोधणं, अशा परस्परांशी फारसं न जुळणाऱ्या विचारांची रोमने बांधलेली एक मोळी. जुलै १९०७ मध्ये ६५ विधानं चुकीची ठरवली गेली आणि सप्टेंबरात त्यावर मोठं परिपत्रक आलं. त्या परिपत्रकाचा शेवटचा भाग वाचावा. तिथे पुन्हा साल्झानोचा कामसू धर्मगुरू भेटतो. प्रत्येक धर्मप्रांतात देखरेख समिती. ती दर दोन महिन्यांनी बिशपसमोर ठरल्या दिवशी बसेल. तिचं कामकाज गुप्त राहील. सेमिनरीत कुणाला नेमायचं, कुणाला काढायचं, कोणती पुस्तकं विकायची याचे नियम. बिशपने वर्षाच्या आत आणि मग दर तीन वर्षांनी रोमला शपथपूर्वक अहवाल द्यायचा. १९१० च्या शपथेने हा फास प्रत्येकाच्या गळ्यात आला: धर्मगुरू, पापनिवेदन ऐकणारे, प्रवचनकार, मठप्रमुख, सेमिनरीतले अध्यापक. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना तेवढी सूट मिळाली.

यात भर पडली उंबेर्तो बेनिन्यी यांच्या गुप्त जाळ्याची. सांकेतिक भाषेत पत्रं, कोण काय शिकवतो याच्या टिपणी, संशयितांच्या याद्या. बायबलचे फ्रेंच अभ्यासक लुआझी १९०८ मध्ये बहिष्कृत झाले. आयरिश धर्मशास्त्रज्ञ टिरेल १९०९ मध्ये वारले तेव्हा त्यांना कॅथॉलिक विधीने पुरू दिलं नाही. या दोघांनी संघर्ष ओढवून घेतला होता असं कुणी म्हणू शकेल. पण जेरुसलेममध्ये बायबल अभ्यासाची शाळा उभी करणारे, चर्चशी अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिलेले डॉमिनिकन मारी-जोझेफ लाग्रांज यांनाही १९१२ मध्ये काही काळ तिथून हलावं लागलं. बायबलच्या अभ्यासकांना मोकळा श्वास मिळाला तो थेट १९४३ च्या परिपत्रकाने, आणि शपथ रद्द झाली जुलै १९६७ मध्ये. ५७ वर्षं. द्वितीय व्हॅटिकन परिषदेत मतं देणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बिशपने कधी ना कधी ती शपथ घेतलेली होती.

पायसांचे चाहते या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. मुलांवर माया करणारे ते खरे पायस, आणि देखरेखीचा अतिरेक हाताखालच्यांचा. टीकाकार उलट करतात. मला दोन्ही बाजू सोयीच्या वाटतात. हात एकच होता, आणि त्यामागची समजही एकच. श्रद्धा साधी असते, ती वरून जशी दिली तशी अखंड घ्यायची असते, आणि तिला धोका असतो तो गुंतागुंत करणाऱ्यांकडून. सात वर्षांच्या मुलाला पुरेशी समज आहे, कारण श्रद्धेला फार समज लागतच नाही. आणि त्याच कारणाने प्राध्यापकाला फार समजलं की त्याच्यावर नजर ठेवायची. पहिल्या निष्कर्षाने चर्च मोकळं झालं, दुसऱ्याने कोंडलं. सोय बघून यातला एकच पाय उचलता येत नाही. पंधराव्या बेनेडिक्टनी १ नोव्हेंबर १९१४ च्या पहिल्याच परिपत्रकात कॅथॉलिकांनी एकमेकांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवणं थांबवावं असं सांगितलं. बेनिन्यींचं जाळं मात्र विसर्जित व्हायला १९२१ उजाडलं. शपथ मात्र बेनेडिक्टनी रद्द केली नाही. ठरावीक मुदतीने अहवाल मागणारी यंत्रणा एकदा चालू झाली की ती बंद करायला ती सुरू करण्यापेक्षा जास्त धैर्य लागतं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. तेराव्या लिओंच्या १८९१ च्या कामगारविषयक परिपत्रकात असं एकही कलम नव्हतं. कुणाला अहवाल द्यायचा नव्हता, कुणाला शपथ घ्यायची नव्हती. तरी त्याने कॅथॉलिक विचाराला नवी दिशा दिली, इतकी की आजच्या पोपनी त्यांचंच नाव घेतलं. मग प्रभाव नियमातच असतो हे कसं? नुसत्या नियमात असतो असं मी म्हणतही नाही. त्या परिपत्रकाने न्याय्य वेतन आणि कामगारांच्या संघटनेचा हक्क हे शब्द दिले, पण ते गावात पोचले ते संघटनांच्या पायांनी. व्हेनेतोत त्याच सुमारास धर्मगुरूंनी ग्रामीण पतपेढ्या उभ्या केल्या, जर्मनीत कॅथॉलिक लोकसंघाने कामगारांचे वर्ग घेतले. पासबुक, भागधारकांची यादी, मासिक सभा हीच तिथली कलमं. वसईकरांना हे परकं नाही. १९१८ मध्ये तिथे निघालेली कॅथॉलिक सहकारी बँक शंभरी ओलांडून चालू आहे. जिथे अशी हाडं मिळाली नाहीत तिथे ते परिपत्रक सेमिनरीतल्या परीक्षेचा प्रश्न होऊन राहिलं.

फ्रान्सिस यांच्याकडे या नजरेने पाहिलं तर हिशेब नेहमीपेक्षा वेगळा लागतो. २०१६ च्या कुटुंबविषयक पत्रातल्या ३५१ व्या तळटीपेवर जगभर रणकंदन झालं. घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलेल्यांना काही परिस्थितीत संस्कारांची मदत मिळू शकते, असं तिचं म्हणणं. कोणत्या परिस्थितीत, ठरवणार कोण, नोंद कुठे, यावर मौन. ब्युनोस आयर्सच्या बिशपांनी एक अर्थ लावला, पोलंडच्या बिशपांनी जुनीच रीत धरून ठेवली, चार कार्डिनलनी पाच प्रश्न पाठवले. विवेकाच्या गोष्टी कलमांत बसवू नयेत हा फ्रान्सिस यांचा मुद्दा मला पटतो. पण त्याची किंमत अशी की सीमेच्या अलीकडच्या बाईला ख्रिस्तप्रसाद मिळतो आणि पलीकडच्या बाईला मिळत नाही.

त्या गदारोळात विवाह रद्दबातल ठरवण्याच्या प्रक्रियेवरचा त्यांचा सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर झालेला आदेश झाकोळला, जो ८ डिसेंबर २०१५ पासून लागू झाला. चौदाव्या बेनेडिक्टनी १७४१ मध्ये घातलेली अट, की पहिल्या न्यायालयाचा निकाल दुसऱ्यानेही उचलून धरला तरच लग्न रद्द मानायचं, या आदेशाने गेली. २७४ वर्षांची दुहेरी फेरी संपली. पुरावा अगदी उघड असेल तर स्वतः बिशप थोडक्यात निकाल देईल अशी छोटी वाटही काढली. ती मात्र कमी वापरली जाते, आणि का ते कलम वाचलं की कळतं. अर्ज दोघांनी मिळून करावा लागतो, निदान दुसऱ्याची संमती लागते. मोडलेल्या संसारात सर्वांत आधी हरवते ती संमतीच. शिवाय नेहमीच्या वाटेवर न्यायाधीशाकडे चर्चच्या कायद्याची पदवी हवी, आणि लहान धर्मप्रांतांत अशी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. तरीही ज्याचा निकाल दुसऱ्या फेरीत वर्षानुवर्षं अडकून पडला असता त्याला विचाराल तर तो फ्रान्सिस यांचं विमानातलं कोणतंही वाक्य सांगणार नाही. तो तारीख सांगेल.

जानेवारी २०२१ चा बदलही असाच चिमूटभर शब्दांचा. कलम २३० मधून ‘पुरुष’ हा शब्द वगळला आणि वाचक व वेदीसेवक ही पदं स्त्रियांना रीतसर खुली झाली. आपल्याकडच्या धर्मग्रामांत बायका कित्येक वर्षं वाचनं करतच आहेत, पण ती त्या दिवसापुरती सोय. विधीपूर्वक मिळालेलं, कायमचं पद वेगळं. त्याच कलमात दुसरी अट मात्र जशीच्या तशी आहे: उमेदवाराचं वय आणि पात्रता त्या त्या देशाच्या बिशप परिषदेने आदेश काढून ठरवायची. रोमने आपल्या बाजूची कडी काढली. जिथे परिषदेने तो आदेश काढून प्रशिक्षणाचे तास, अर्ज कुणाकडे करायचा आणि नोंद कोणत्या वहीत व्हायची हे ठरवलेलं नाही, तिथे रविवारी वाचन करणारी बाई अजून पूर्वीइतकीच तात्पुरती आहे.